हक्कसोडीच्या बदल्यात एक टाकी

फोन बबनदादाचा होता. "मास्तरीणबाई, सुमी गेली," एवढं सांगून तो लगेच म्हणाला, "त्या केमिकलनीच खाल्ली तिला. आमी सांगत व्हतो." सुमन मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली, पुण्यात, दवाखान्यात पोचायच्या आधी. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण सख्ख्या भावाला तिच्या मरणातही तिचीच चूक सापडली. महिना उलटला, माझा राग काही उतरलेला नाही. तो आवरून लिही, असं सगळे सांगतात... मला ते जमणार नाही.

सुमन आणि मी राजुरीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी इथंच शिक्षिका झाले. ती रसायनशास्त्र घेऊन पुण्याला गेली, तिथल्याच एका प्रयोगशाळेत राहिली, लग्न केलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडं बाजरी मोडून द्राक्षबागा उभ्या राहिल्या, पक्की घरं झाली आणि दर दोन-चार दिवसांनी फवारणी सुरू झाली. औषध कालवायचं विहिरीच्या काठावर, पंप धुवायचे तिथंच आणि प्यायचं पाणीही त्याच विहिरीचं. मढच्या बाजूच्या डोंगरातून बागेच्या कामाला आलेली कुटुंबं शेजारीच खोपटं करून राहायची. त्यांची पोरंही तेच पाणी प्यायची.

दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात ती लहानशी बाटली घेऊन माहेरी आली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. त्यात सोन्याचे कण आहेत म्हणाली, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत आणि तेवढे बारीक झाले की सोनं लाल दिसतं. कीटकनाशक मिसळलेलं पाणी पडलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, लोक सोनं अंगावर घालत्यात, तुमी पाण्यात घालताय व्हय!" आम्ही पोट धरून हसलो. मग तिनं विहिरीचं पाणी त्यात सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही... आणि मग लाल पाणी बघता बघता निळं पडलं. पुण्याला नेऊन मोठ्या यंत्रावर तपासलं तरी उत्तर तेच आलं.

उपायही तिच्याकडं होता. स्टीलची एक टाकी, आत कोळशाचे दाणे आणि त्यांच्यावर चांदीचे तसलेच बारीक कण. पाणी त्यातून गेलं की औषध आतच अडकतं. स्वतःच्या खर्चानं बसवून देते म्हणाली. कुठल्याही शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं. बबनदादाच्या डोक्यात वेगळंच. वडील नुकतेच गेलेले, बहिणीलाही जमिनीत हिस्सा असतो हे गावोगाव कळलेलं, अशात बहीण पुण्याहून येऊन विहीर तपासते म्हणजे वाटणीची तयारीच! "विहिरीचं नुसतं निमित्त हाय. हिला हिस्सा पायजे," असं तो माझ्या तोंडावर म्हणाला. सुमन वाद घालत बसली नाही. जुन्नरला जाऊन तिनं हक्कसोडपत्रावर सही केली आणि सगळी जमीन भावाला सोडून दिली. तिची अट एकच, तीही तोंडी: टाकी विहिरीवर बसेल आणि चालू राहील. "ओझरच्या गणपतीची आण," दादा म्हणाला. परतीच्या एसटीत मी तिला चक्क मूर्ख म्हटलं. ती म्हणाली, "मी जमीन घेऊन काय करू? पोरं चांगलं पाणी तरी पितील."

टाकी वर्षभरही टिकली नाही. द्राक्षं परदेशी पाठवणारा एक व्यापारी बाग बघायला आला, हे कशासाठी म्हणून त्यानं विचारलं, झालं. सुमन भाऊबीजेला आली तेव्हा टाकी काढून टाकलेली आणि विहिरीचा पाइप थेट घरात गेलेला होता. "विहिरीत विष हाय असा बोर्डच लावल्यागत व्हतं ते. माल कोण घेईल?" हे दादाचं उत्तर. तिनं त्याला ओवाळलं, जेवायला बसली, पाणी मात्र पिशवीतल्या बाटलीतलं प्याली. त्याचाच केवढा बोभाटा झाला! भावाच्या घरचं पाणी हिला चालत नाही म्हणे. तिनं केलेली सही कुणाला आठवली नाही. पुढं तिला बोलावणंच आलं नाही. भाऊबीजेला ती माझ्याकडं जेवायची. एकदा पानावरच म्हणाली, "हिस्सा ठेवला असता तर अर्धी विहीर माझी असती गं..." मी तिला भात वाढत राहिले.

दशक्रिया कुकडीच्या घाटावर झाली. तिनं गावाचं नाव मोठं केलं, अशी माइकवर भाषणं झाली. बबनदादानं सगळ्यांसाठी सीलबंद पाण्याच्या बाटल्या मागवल्या होत्या आणि ते पाणी पीत लोक ऐकत होते.

संध्याकाळी मी वहिनींना भेटायला वस्तीवर गेले. विहिरीपाशी ती टाकी उभी दिसली आणि मला खरंच आनंद झाला. वाटलं, उशिरा का होईना, दादाला उपरती झाली. जवळ गेले. झाकण काढलेलं होतं, आतले दाणे कधीच फेकून दिलेले, आणि एक गडी त्यात काठीनं फवारणीचं औषध कालवत होता. दादा शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं का सांगू. टाकीवर हात ठेवून म्हणाला, "लई भारी टाकी. तोटीतनं अजून थेंब गळत न्हाई. सुमीची आठवण हाय, म्हणून मोडीत न्हाई घातली."