धुरात हिंमतभाऊचा आवाज

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरातला मी पहिला इंजिनियर. ‘भाऊ, शिकेल माणूस असं बोलत नही’ म्हणून वडील आजही गप्प करतात. तरी लिहितो...

जळगावजवळच्या एका वर्कशॉपमध्ये रणगाड्याला धुराची यंत्रणा बसवायचं काम होतं. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारायचं, की पांढऱ्या धुराचा पडदा तयार होतो आणि रणगाडा शत्रूला दिसत नाही. पाइप, नोझल, ड्रायव्हरजवळ बटन – एवढंच.

फिटर होता पहूरचा हिंमतभाऊ. मी नवीन असताना त्यानेच मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. त्याच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या हातची भाकरी मी वर्षभर खाल्ली. त्याचे उपकार मी विसरणं शक्यच नाही.

चाचणी सकाळी होती. हिंमतभाऊ नोझल बघायला रणगाड्यामागे उभा राहणार, आणि धूर नीट सुटला की बाहेर येऊन, बाजूला बांधलेल्या दोरीपाशी आमच्यात मिसळणार. मग आमचे फोरमन नाना एकेकाचं नाव पुकारणार. ज्याने त्याने ‘शे!’, म्हणजे ‘आहे!’, म्हणायचं. सगळे ‘शे’ आले, की नाना शिट्टी मारणार आणि रणगाडा मागे येणार. धुरात दिसत नाही, म्हणून ही पद्धत.

‘‘साहेब, तोंड काब्रं उतरनं?’’ जाताना हिंमतभाऊने मला चिडवलं. ‘‘डिझेल शे, चावत नही!’’

धूर सुटला... आणि एका क्षणात माझाच हात मला दिसेना. नाना पुकारू लागले. मी ‘शे’ म्हणालो. बाकीचे म्हणाले.

‘‘हिंमत!’’

‘‘शे, नाना! येऊ द्या मांगे!’’

अगदी माझ्या कानाशी. तोच घोगरा आवाज. नानांनी शिट्टी मारली.

धूर विरला तेव्हा हिंमतभाऊ रणगाड्यामागे पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यात गेला होता. दोरीपासून तो खूप लांब होता – आणि माझ्या शेजारी कोणीच नव्हतं.

चौकशीत आम्हा सगळ्यांना एकेकट्याला विचारलं. काय ऐकलं? सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. मी तर साहेबांसमोर शपथ घेऊन सांगितलं, आवाज त्याचाच होता. त्यावरून ठरलं – रणगाडा मागे बोलावला तो हिंमतनेच, चूक त्याचीच. नाना सुटले. पाय कापलेल्या माणसाला कामावरून काढून टाकलं.

मी पहूरला भेटायला गेलो. हिंमतभाऊ खाटेवर होता.

‘‘मी बोलनूच नही रे भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तोंडमा धूर भरेल व्हता. तू शिकेल शेस, तूच सांग... मी तुन्हा जोडे उभा व्हतू का?’’

‘‘माझ्याजवळ नव्हतास,’’ मी म्हणालो.

‘‘मंग हाईच जाईसन सांग ना साहेबले!’’

मी कपात बघत राहिलो. सुमनवहिनींनी माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला आणि दारातल्या मोरीत ओतला.

काय सांगू मी साहेबांना? धुरात त्या वेळी नुसता आवाज नव्हता. ‘शे’ म्हणताना कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, हिंमतभाऊ ठेवायचा तसाच, आणि तो हात गरम होता. चौकशीत मी तेही सांगून बसलोय. खोटं एक अक्षर नाही... तो हात कोणाचा, हे मला आजही कळलेलं नाही.