मी मागितले होते

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. प्रभुभोजनाच्या वेळी माझ्या मेहुण्याने स्वतःहून मला भाकरीचा तुकडा भरवला, मी एक शब्दही न बोलता तो घेतला आणि माझे डोळे भरून आले, अशी ती गोष्ट. पाळकसाहेबांनी नम्रतेचा नमुना म्हणून ती उपदेशात वापरली. ओतूरच्या बाजारात तर ती मलाच ऐकवण्यात आली. माझ्या स्मरणशक्तीविषयी ज्याला शंका असेल त्याने खुशाल घरी यावे. माझे हात कापतात, डोके नाही.

या हातांच्या कापण्याला डॉक्टर कंपवात म्हणतात. तो जडण्यापूर्वी मी देणारा माणूस होतो. प्रभुभोजनाचा द्राक्षरस वर्षानुवर्षे माझ्याच बागेतून गेला. उपासनेत प्रार्थनेला उभा राहिलो तर माझे वाक्य कधी अडखळत नसे. देवाशी मी पुष्कळ बोललो. मागितले ते मात्र नेहमी इतरांसाठी.

मग एका रविवारी पेला माझ्या हातातून निसटला. रस माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि शेजाऱ्याच्या मांडीवर सांडला. कोणी काही बोलले नाही, आणि तेच मला सोसले नाही. त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी मी घरी राहू लागलो. पाळकसाहेबांशी माझे भांडण झाले, अशी आवई उठली. त्यांच्याशी माझी भांडणे अनेक झाली आहेत. या कारणावरून एकही नाही. उलट ते भोजन घरी घेऊन यायला तयार होते. मीच नको म्हटले. आमच्याकडे ज्याच्या घरी भोजन जाते, त्याच्या घरी पाठोपाठ मयताची फुलेही जातात.

परंतु प्रभूच्या मेजावरचा माझा वाटा सुटत होता, आणि या वयात सुटलेला वाटा पुन्हा मिळेलच असे नाही. ही टोचणी मला जेवू देत नव्हती. घरी दार लोटून पत्नी मला भरवीत असे. एके दुपारी वरणभाताचा घास हातात तसाच धरून ती म्हणाली,

"अहो, माझ्या हातचं चालतंय, अन् देवाच्या घरात कुणाच्याच हातचं चालंना व्हय?"

"तिथे तू बायकांच्या बाजूला बसतेस."

"मग शेजारी बसंल त्याला सांगा. वाद घालाया तोंड लई चालतंय की तुमचं."

पुढच्या प्रभुभोजनाला मी गेलो. शेजारी नेमका मेहुणा येऊन बसला. तो आंबेगाव तालुक्यातला शेतकरी, पत्नीचा धाकटा भाऊ. त्याच्याशी माझे आयुष्यभर पटलेले नाही. भाकरीच्या तुकड्यांचे तबक आले. त्याने आपला तुकडा उचलला, माझ्या हातांकडे पाहिले, आणि माझी लाज राखण्यासाठी तबक माझ्यावरून हळूच पुढे सरकवले. त्याने ते मायेने केले, हे मी नाकारत नाही. पण माझी भाकर माझ्यासमोरून चालली होती.

"मला भरव," मी म्हणालो.

"काय, दाजी?"

"भरव म्हणतो. मला घेता येत नाही."

त्याने तबक मागे ओढून घेतले आणि तुकडा माझ्या तोंडात ठेवला. त्याच्या बोटांना कांद्याच्या चाळीचा वास होता. मग त्याने पेला माझ्या ओठांना लावला. डोळे भरले ते त्याचे. माझे कोरडे होते.

ती गोष्ट पसरली तेव्हा मी त्याला चर्चबाहेर गाठले.

"मी मागितले, हे का सांगत नाहीस?"

"कसं सांगू, दाजी? मानाची माणसं आपण. तुमी मागितलं म्हणलं की लोक हसत्याल. मी आपणहून दिलं म्हणलं तर तुमचं नाव ऱ्हातंय."

"आणि माझी प्रार्थना?"

"कंची प्रार्थना?"

"तीच!"

तो कपाळाला हात लावून हसला. "वर गेल्यावर देवासंगं बी भांडणार तुमी, राव."

भांडेन. जन्मभर घडवलेल्या माझ्या प्रार्थनांमध्ये 'मला भरव' एवढी एकच स्वतःसाठी होती, आणि माझी अब्रू राखायला लोक तीच खोडून टाकत आहेत. मूल नम्र असते असे ज्यांना वाटते, त्यांनी मूल पाहिलेले नाही. ते हट्टी असते, आभार मानत नाही, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे रडते. मात्र मिळाले नाही तर आपण जगणार नाही, हे ते लपवत नाही. बाळकासारखे व्हा, या येशूच्या आज्ञेचा मला उमगलेला अर्थ एवढाच आहे, आणि तो शिकायला मला म्हातारा व्हावे लागले.

पाळकसाहेबांना मी दुरुस्ती सुचवली. न मागता मिळाले हेच अधिक शोभते, असे त्यांचे मत पडले. त्यांना अजून भूक लागलेली नाही. परवाच्या रविवारी तबक आले तेव्हा मी पुन्हा मागितले, आणि या वेळी बायकांच्या बाजूलाही स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.