मालवणात रूळ टाकले ते मी

मालवणात रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं आणि एसटी नाहीतर रिक्षा धरायची, हे आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पण गेल्या चतुर्थीपासून आमच्या माजघरात रेल्वे आहे आणि तिचे रूळ मी स्वतः टाकलेत. फुशारकी मारतोय म्हणाल तर मारतोय! तीस वर्षं रेल्वेत कीमन होतो, तेव्हा कधी मारली नाही. आता मारतो.

कीमन म्हणजे काय, ते आमच्या नातेवाइकांनासुद्धा कधी नीट कळलं नाही. रोज सहा-सात किलोमीटर रूळ पायी तपासायचे. कुठे क्लिप सैल झाली असेल तर हातोड्याने ठोकून बसवायची, सांध्याचा बोल्ट ढिला असेल तर आवळायचा. खांद्याला पिशवी, हातात लाल-हिरवी झेंडी, नजर खाली. एका मावसभावाने तर तोंडावर विचारलं होतं, "रे, तू दगड मोजतंस काय दिवसभर?" त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका राग आला होता.

माझा थोरला भाऊ मुंबईला असतो. दर चतुर्थीला तो गणपती स्पेशलने येतो, आणि नेमकी तेव्हा माझी ड्यूटी असायची, कारण पावसाळा आणि जादा गाड्या एकत्रच येतात. त्यामुळे गणपतीची सजावट कायम दादाचीच. थर्माकोलचा डोंगर, मागे छोटा पंप, डोंगरावरून पाणी पडायचं. तो धबधबा वर्षभर माळ्यावर असायचा. दादाने घरात पाऊल टाकलं की दरवर्षी एकच वाक्य: "ड्रायव्हर बरो होतो. भरलेलो चायचो कप, पण एक थेंब सांडूक नाय." मी ड्यूटीला निघायच्या तयारीत तिथेच उभा असायचो. मनात म्हणायचो, ड्रायव्हर बरा, आणि खालचे रूळ काय आभाळातून पडले? पण थोरल्या भावाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही.

निवृत्तीला सोबत्यांनी मला एक खेळण्यातली आगगाडी दिली. इंजीन, दोन डबे, मालगाडीची एक सपाट, उघडी वाघीण आणि रुळांचं एक लहानसं कडं. पहिल्याच पावसाळ्यात रूळ गंजले. लोखंडाचे होते, आणि आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात दाराची कडी टिकत नाही, तिथे ते काय टिकणार! इंजीन मात्र ठणठणीत होतं. तेव्हा डोक्यात आलं, की यंदा चतुर्थीला मी घरी आहे, तर सजावट माझी. गणपतीसमोर रेल्वे धावेल.

दादाला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "बरां. पण आरतीक सगळे पाहुणे येतले. आरतीआधी गाडी चलूक नाय, तर ती गुंडाळूक होयी. माझो धबधबो माळ्यार आसाच." मी बरं म्हणून फोन ठेवला. ही गाडी अडली असती तर लोकांनी म्हटलंच असतं, तीस वर्षं रुळांवर चालला आणि खेळण्यातला रूळ टाकता येईना. मग माझ्या तीस वर्षांची किंमत काय राहिली?

पुण्याच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदार फार अदबीने बोलला. "काका, नवशिक्यांनी तयार तुकड्यांचा सेट घ्यावा. खटाखट जोडायचे, झालं." नवशिका! मी! बायको शेजारीच तांदूळ निवडत होती, ती पदर तोंडाला लावून हसली. मी त्याला म्हटलं, तुमच्या तयार तुकड्याचं वळण किती? तो म्हणाला, त्रिज्या सव्वा फूट. मी म्हटलं, एवढ्याशा वळणात गाडी वळत नाही, मुरडते. मला सरळ लांब, हाताने वाकवता येणारे रूळ द्या, मी पावणेदोन फुटांचं वळण घेणार. आणि धातू असा द्या की जो गंजणार नाही. तो म्हणाला, निकेल-सिल्व्हरचे आहेत, पण ते बसवणं कठीण जातं. म्हटलं, कठीण माझ्यावर सोडा.

कुरिअर आलं. सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड माजघरात पसरलं, त्यावर पेन्सिलीने वळण आखलं आणि कामाला लागलो. आठ दिवस मी त्या प्लायवरून उठलो नाही. बायको म्हणाली, "तीस वरसां ती सवत भायर होती. आता घरात हाडल्यात?" मी हसलो, पण मान वर केली नाही. प्रत्येक सांध्यात नियमाप्रमाणे फट ठेवली, कारण उन्हात रूळ वाढतो आणि जागा नसली तर वाकतो. प्रत्येक सांध्याच्या पट्टीला ग्रीस लावलं, अगदी यार्डात वर्षाला एकदा लावायचो तसं. देखणं काम झालं होतं. आणि बटण दाबलं तर इंजीन वीतभर गेलं नि थांबलं. ढकललं, तर पुढच्या सांध्याशी धडधडून पुन्हा थांबलं.

चतुर्थीला चार दिवस राहिले होते. बायकोने माळ्यावरच्या धबधब्याची धूळ झटकून ठेवली, म्हणजे तिलाही काळजी वाटत होती.

नाइलाजाने पुन्हा पुण्याला फोन लावला. सांधे कसे केले ते दुकानदाराने विचारलं, मी अभिमानाने सांगितलं.  तो म्हणाला, "काका, तुम्ही रेल्वेत होतात का?" मी हो म्हणालो. "तरीच! रेल्वेवाले सगळे हेच करतात. काका, तुमच्या रुळावरून नुसती गाडी जायची, ह्या रुळातून वीज जाते. ग्रीसने ती अडते. आणि घराच्या सावलीत हा रूळ किती वाढणार? फटी बुजवा."

कानशिलं तापली. पण खरं ते खरं. सगळे सांधे उकलले, एकेक पट्टी स्पिरिटने पुसली, रूळ रुळाला भिडवून बसवले. मग पूर्वी करायचो तेच केलं. प्लायवर कान ठेवून आडवा झालो आणि एका डोळ्याने रुळाची रेषा पाहत गेलो. जिथे केसभर उंचवटा दिसला तिथे खाली कागदाची घडी सरकवली. हे दुकानदाराने शिकवलेलं नव्हतं. हे माझं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा आला. वर छताला माटवीची लाकडी चौकट बांधून झाली होती, तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली कवंडळाची फळं टांगली होती आणि तिच्याखाली माझं वळण. दादाने पिशवी ठेवली, गाडीकडे पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "चाय हाड गो." मला वाटलं, पिणार. त्याने पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीचं टोपण काढलं, त्यात चहा काठोकाठ ओतला आणि टोपण सपाट वाघिणीवर ठेवलं.

"सोड," म्हणाला.

मी बटण दाबलं. गाडी निघाली, वळणात शिरली, सांध्यावरून गेली, परत समोर आली. दादाने बोटाने खूण केली, आणखी एक फेरी. मग आणखी एक. गाडी थांबली तेव्हा तो गुडघे मोडत खाली बसला आणि वाघिणीखालचं प्लाय हाताने चाचपलं. कोरडं होतं. मग बोट रुळावरून फिरवत विचारलं, "सांधो खंय आसा रे?"

"तुझ्या बोटाखाली."

त्याने ते बोट पुन्हा एकदा पुढेमागे फिरवलं. "माका तीस वरसां वाटलां," तो हळूच म्हणाला, "ड्रायव्हर बरो आसा."

"ड्रायव्हरय बरोच होतो, दादा," मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी आरतीला घर भरलं. दगड मोजतोस काय विचारणारा मावसभाऊही आला होता. गाडी वळणावरून आली तसा तो वाकून म्हणाला, "गाडी झक्कास आसा रे!"

दादा ताम्हन हातात घेऊन उभा होता. मोठ्याने म्हणाला, "गाडी कोणय चालयतलो. तू खाली बघ. रूळ माझ्या भावान घातलेले आसत."