सतरा नंबरवाली मावशी

मावशीला दुपारी दोन ते चार या वेळात कुणीही भेटू शकत नसे. सेनगावजवळच्या आमच्या गावाला लागून एक बंजारा तांडा होता. ती तिथलीच, तिथल्या अंगणवाडीत मदतनीस; आम्ही गावातली पोरंही तिला मावशीच म्हणायचो. मुलं घरी गेली की ती खोली झाडायची, आतून कडी लावायची आणि दहावीचं पुस्तक उघडायची. एकदा तिचा सख्खा भाऊ साखरा गावाहून आला. तिने खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला आणि त्याला लिंबाखाली बसवलं. तो चिडला, तर म्हणाली, "मंग चारला यायचं."

वय चाळिशीला टेकलेलं, घरात सून आलेली, शाळा सातवीला सुटलेली. अंगणवाडीच्या सेविकाबाई दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेला दहावी पास बाई हवी होती. तांड्यात तशी एकही नव्हती. बाहेरची आली तर आपण जन्मभर खोलीच झाडणार, हे मावशीला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. गावाने तिचं नावच सतरा नंबर ठेवलं. मी नववीत होते, गणित बरं होतं, म्हणून संध्याकाळी शिकवायला तिने मला धरलं.

मन लागत नाही, ही सबब तिच्यापुढे चालत नसे. मी एकदाच तसं म्हणाले. "शेळ्या सोडताना मनाला इचारतेस काय? मंग पुस्तक उघडताना काहून इचारून राहिली?"

पहिल्या वर्षी परीक्षाकेंद्राच्या फाटकावर शिपायाने तिला अडवलं. पालकांनी बाहेर थांबायचं, म्हणाला. "पालक बी मीच, लेकरू बी मीच," म्हणत ती आत गेली. बाकी विषय निघाले, गणित गेलं. कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. तांड्यातल्या बायका घागऱ्यावर आरसे बसवून भरतकाम करतात, आणि त्यात मावशीचा हात सगळ्यांत साफ. एक टाका वाकडा गेला तरी ती अख्खी ओळ उसवायची. पेपरातही तेच केलं. उत्तर जमेना की सगळं गणित खोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपला तेव्हा निम्मा पेपर कोरा होता.

चुकलेल्या टाक्यापर्यंतच उसवलं तर काय बिघडतं, असं मी जरा रागानेच विचारलं. तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"चुकला कुठं ते दिसलं पाह्यजे ना. ते हुडकायला शिकीव."

तेव्हापासून एक पायरी लिहायची, तिच्याखाली अंगठा ठेवून तपासायची, मगच पुढची. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत ती दोन गुणांनी पुन्हा राहिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजता कडी लागलेलीच होती.

मार्चमध्ये आम्ही दोघी एकाच केंद्रावर बसलो. सेविकाबाईंचे शेवटचे तीन महिने उरले होते. पेपर सुटल्यावर मी घाबरतच विचारलं. "दोन ठिकाणी चुकले," ती म्हणाली. "तेवढंच उसवलं."

मी प्रथम श्रेणीत पास झाले. दोन वर्षं तिच्यासमोर बसल्यावर आळस करायची सोयच राहिली नव्हती, आणि पुढे नोकरीतही ती सोय राहिली नाही. मावशी गणितात लागतात त्यापेक्षा अकरा गुण जास्त घेऊन पास झाली. सेविकेची जागा तिला मिळाली आणि साठीपर्यंत तिने अंगणवाडी चालवली.

गुणपत्रक मिळालं त्या दिवशी तिने ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. मग घराकडे निघाली, ती नेहमीच्या मागच्या पायवाटेने नाही, तांड्याच्या मधोमध. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, दारात चार माणसं घेऊन बसला होता. मी सोबत होते म्हणून तो बंजारा बोली सोडून मराठीत बोलला. लागला का निकाल, असं त्याने हसतच विचारलं.

"पास झाले, नायकदादा. तुमची सून बी सातवी शिकलेली हाय. तिचा फॉर्म भरायचाय, दोन फोटो काढून ठिवा."

नायकाचं हसू गेलं. घरात विचारून सांगतो, म्हणाला.

"इचारलंय मी तिला," मावशी म्हणाली. "व्हय म्हणली."