सेक्रेटरीच्या आईची शेवटची आंघोळ

अल्बेनियात कम्युनिस्ट राजवटीनं मशिदींना कुलपं लावून आठ वर्षं झाली होती. देवाचं नाव घेतलं म्हणून माणसं तुरुंगात सडत होती. श्कोदरच्या तंबाखू कारखान्यात पानं निवडणारी विधवा नादिरे त्यामुळे जपून असायची. तिची आई पूर्वी गल्लीतल्या मयत बायकांना दफनाआधी धर्माच्या रीतीनं आंघोळ घालायची. नादिरेही तिच्या हाताखाली शिकली होती. पण हे तिनं सुनेलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी पक्षाचा सेक्रेटरी जेव्हित थेट तिच्या बाकापाशी आला.

"कॉम्रेड नादिरे, चला माझ्याबरोबर."

सगळ्या बायकांचे हात थांबले. नादिरे हातातलं पान खाली ठेवून उठली. रस्ताभर ती आठवत राहिली, कुणापाशी काय बोलले मी? ईदला चोरून बक्लाव्याची मिठाई केली होती, तिचा वास कुणाला लागला?

पण जेव्हित ठाण्याकडे वळला नाही. तिला घेऊन तो आपल्या घरी आला. आत पलंगावर त्याची म्हातारी आई होती, तोंडावर चादर ओढलेली.

"सकाळी गेली," तो म्हणाला. "नादिरेताई, रीतीनं सगळं करा तिचं."

"मला नाही हो येत असलं काही!"

"येतं. तुमचं नाव तिनंच सांगितलं, तुमच्या आईबरोबर पाहिलं होतं तुम्हाला. शपथ घातलीय मला."

सापळा असला तर? हो म्हटलं तरी मरण, नाही म्हटलं तरी मरण. तेवढ्यात त्याच्या बायकोनं रेडिओ मोठा केला. "लवकर उरका हो, शेजारीण भिंतीला कान लावून असते."

पाण्याचं भांडं नादिरेच्या हातातून दोनदा निसटलं. आधी उजवी बाजू, मग डावी; तीनदा पाणी. दुआ ओठांतल्या ओठांत. म्हातारीचे केस विंचरताना मात्र हात स्थिरावले.

निघताना जेव्हितनं दार अडवलं. "कुठं बोललात तर बघा."

"आणि तुम्ही बोललात तर?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तीच घाबरली. तो बाजूला झाला.

चार दिवसांनी सभेत तो जुन्या चालीरीतींवर तुटून पडला. सगळ्यांत जोरात टाळ्या नादिरेनं वाजवल्या. पुढं पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दारावर थाप पडली, की ती आधी पडद्याआडून बघायची.

मशिदी उघडल्या त्या हिवाळ्यात शेजारची एक मुलगी आली. "आजी, मयताची आंघोळ मला शिकवाल? तुमची आई घालायची म्हणतात. माझी आई गेली, तेव्हा कुणालाच काही येत नव्हतं."

नादिरेनं आधी उठून खिडकी लावली, कडी घातली. मग म्हणाली, "बस. पाणी कोमट हवं, हे पहिलं."