ठेवायला जागा घेणारे

त्यांना मी एकदाच भेटलो. तिरुभुवनमच्या रस्त्यावर, काल-परवापर्यंत भातशेत असलेल्या जमिनीत प्लॉट पाडले होते, तिथे. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, मागे गाडी, आणि वाजणारा फोन न बघताच बंद करायची सवय. कुंभकोणमची निम्मी बाजारपेठ त्यांची, असं दलालानं माझ्या कानात सांगितलं आणि तो शहाळी आणायला गेला.

आम्ही बायकोचं सोनं मोडून घरासाठी जागा घ्यायला निघालो होतो. विसार उद्याच द्यायचा होता. श्रीमंत घेतो तिथे डोळे झाकून घ्यावं, एवढंच माझं अर्थशास्त्र.

"घेऊ का, ऐया?" मी तमिळमध्ये विचारलं.

"ठेवायला की राहायला?"

"ठेवायलाच," मी ऐटीत म्हणालो.

"मग घ्या. भाव चढेल."

"राहायला," बायको मागून म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या आणि टाचेनं माती दाबून पाहिली.

"मग अम्मा, दिवाळीला आपल्याकडचा मोठा पाऊस लागला की या. पाणी कुठवर चढतं ते बघा. मी ठेवायला घेतो. माझी जागा बुडाली तरी मी कोरडाच असतो."

ना हसले, ना ओशाळले. चपला घालून आपल्या प्लॉटचे दगड बघायला गेले.

दलाल शहाळी घेऊन आला. "काय ठरलं, सार?"

बायको आमच्या घरच्या मराठीत मला म्हणाली, "पाऊस सरेपर्यंत ह्याला एक पैसा देऊं नका."

मी दलालाला तमिळमध्ये सांगितलं, "जागा तिला फार आवडली. पावसातही बघायची म्हणते."