चावी हातातली

अक्कलकोट रोडच्या गॅरेजवाल्या चन्नवीरची बायको पार्वतम्मा पहाटे गेली, आणि तेव्हापासून लोक काय बोलतात ते त्याला ऐकू येत होतं, पण आत पोचत नव्हतं. थोरली बहीण नागम्मा त्याची हनुवटी धरून म्हणाली, "रड की रे जरा, मोकळा हो." रडू येतच नव्हतं, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो तशी छाती झाली होती.

त्यांच्या लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. पार्वतम्माला विभूती लावून, इरकल नेसवून फुलांच्या मखरात बसवलं होतं. टेम्पो शेजारच्या संघपालचा. पुतण्या श्रीशैलनं वचनं लावायला त्यावर भोंगाही जोडला होता. स्मशानाच्या अलीकडच्या चौकात भोंगा गप्प झाला, तशी लोकांनीच तोंडानं वचनं म्हणायला सुरुवात केली. थोडं पुढं गेल्यावर टेम्पोही बंद पडला. तिकडं खड्डा तयार होता, जंगमस्वामी ताटकळले होते, आणि दिवस बुडायच्या आत माती द्यायची होती.

संघपाल चावी फिरवून फिरवून घामाघूम झाला. इंजिन गरागरा फिरायचं, पण चालू होत नव्हतं. गाडी बंद पडली की सोलापुरात घरटी एक मिस्त्री निपजतो, तो मयतालाही थांबत नाही. कुणी म्हणालं बॅटरी गेली, कुणी म्हणालं धक्का मारा.

"धक्का मारता? पार्वतम्मा बसलीय वर, पडली म्हणजे?" नागम्मा कडाडली.

"बॅटरी गेली असती तर स्टार्टर एवढा फिरला असता व्हय?" हे कोण बोललं ते चन्नवीरला क्षणभर कळलं नाही. तोच बोलला होता.

"अण्णा, तुमी आज हात नका लावू," संघपाल म्हणाला. पण चन्नवीर मागं जाऊन सायलेन्सरपाशी वाकला होता. एवढा स्टार्टर मारूनही पेट्रोलचा वास नव्हता. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत येतच नव्हतं. तो ड्रायव्हरच्या जागी बसला. नुसती चावी उघडली की टाकीतला पंप घुंई करतो, तेवढंच ऐकायचं होतं.

"गप बसा की जरा सगळे!"

वचनं थांबली. पुढं वाजणाऱ्या हलग्याही थांबल्या. त्यानं चावी उघडली. पंपाचा आवाज नव्हता. मागं पार्वतम्माही गप्प बसली होती.

"श्रीशैल, भोंग्याची वायर कुटं घातलीस?"

वायर फ्यूजच्या डब्यात होती, पंपाच्याच फ्यूजला. दोन्हींचा भार एका फ्यूजवर पडला आणि तो जळाला; नळीत उरलेल्या पेट्रोलवर टेम्पो जेमतेम थोडा पुढं आला होता. श्रीशैल रडायला लागला. चन्नवीरनं वायर उपटली, हॉर्नचा फ्यूज काढून तिथं बसवला. आज हॉर्न कुणाला वाजवायचा होता?

पंप घुंई करून बोलला. पहिल्याच फेऱ्याला इंजिन चालू झालं. "हर हर महादेव!" लोक ओरडले. चन्नवीरनं चावी बंद केली.

त्याची रीतच होती, बंद करून परत चालू करून पाहिल्याशिवाय तो गाडी कुणाच्या हवाली करत नसे. गॅरेज माहीत असलेले लोक थांबले. इंजिन परत झटक्यात चालू झालं. त्यानं परत बंद केलं. मग परत चालू, परत बंद. आता लोक एकमेकांकडं बघायला लागले.

संघपाल खिडकीशी आला. "अण्णा, झाली की दुरुस्त. लई छान चालतीय."

"व्हय," चन्नवीर म्हणाला. "आता चालू केली तर जाईल ती."

आणि मग त्याला रडू आलं. संघपालनं एकेक बोट सोडवून त्याच्या हातातली चावी काढून घेतली.